कीर्तनाच्या चित्रफितीत प्रत्येक आवाजाची जागा

वारकरी कीर्तनाची चित्रफीत संपादित करताना चित्राचे काम मला तुलनेने सोपे जाते. तीन कॅमेरे लावलेले असले तरी कीर्तनकारांची जागा ठरलेली असते, टाळकरी आपली रांग सोडत नाहीत, आणि अभंगाच्या कोणत्या चरणाला कोणता कॅमेरा घ्यावा हे डोळ्यांना चटकन कळते. खरा वेळ जातो तो आवाजांच्या जागा ठरवण्यात. कीर्तनकार, विणेकरी, पेटी, मृदंग, दोन्ही बाजूंचे टाळकरी आणि समोर मांडवात बसलेली सगळी मंडळी यांचे आवाज दोन स्पीकरमध्ये, किंवा सराउंड असेल तर पाच स्पीकरमध्ये, कोणाला किती प्रमाणात वाटून द्यायचे, हे पॅनिंगचे काम. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक लहानशी कळ असते आणि बहुतेक चित्रफितींत ती मध्यावरच राहून जाते. परिणामी सगळी दिंडी एकाच बिंदूत उभी असल्यासारखी ऐकू येते. माझे मत असे आहे की श्रोता मांडवात कोठे बसला आहे हे आधी ठरवावे, बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात. आणि एकदा त्याला बसवले की पडद्यावरचा कॅमेरा बदलला तरी त्याला जागेवरून उठवू नये.

पॅनची कळ नेमके काय करते, हे कळल्याशिवाय तिच्याकडून काम करून घेता येत नाही. एखादा आवाज अगदी डाव्या बाजूने आला तर तो डाव्या कानाला उजव्या कानापेक्षा साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद आधी पोहोचतो, शिवाय मध्ये डोके आल्यामुळे उजव्या कानाला तो थोडा क्षीण आणि बोथट ऐकू येतो. वेळेचा आणि पातळीचा हा फरक जोखून मेंदू दिशा ठरवतो. पॅनची कळ सहसा वेळेला हात लावत नाही, ती फक्त दोन चॅनेलमधील पातळीचा फरक बदलते. तरीही युक्ती साधते, कारण स्पीकरवर ऐकताना प्रत्येक स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना जातो, आणि खालच्या वारंवारतांमध्ये स्पीकरच्या पातळीतला फरक कानांशी पोहोचेपर्यंत वेळेच्या फरकात बदललेला असतो. ही गोष्ट ब्रिटिश अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये दाखल केलेल्या पेटंटमध्ये मांडली होती. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका बाजूला उभा असताना त्याचा आवाज भलतीकडून येतो, हे खटकल्यामुळे ते या प्रश्नाकडे वळले, असे सांगितले जाते. आवाज स्पीकरांमध्ये सरकवणारी कळ चित्रपटाच्या कामात आली ती १९४० मध्ये, डिस्नी आणि आरसीए यांच्या फँटासाउंड या पद्धतीत. म्हणजे चित्र आणि आवाज यांची दिशा जुळावी, ही गरज या साऱ्या तंत्राच्या मुळाशी आहे.

हेडफोनवर मात्र डावा चॅनेल फक्त डाव्या कानालाच मिळतो. स्पीकरवर सुखावह वाटणारा पूर्ण डावा टाळ हेडफोनवर कानाला चिकटून वाजतो आणि दहा मिनिटांत त्रास होऊ लागतो. त्यातच आपल्याकडे कीर्तन ऐकणारे कित्येकजण कामाच्या ओघात एकाच कानात इअरफोन घालून ऐकतात. त्यांच्यासाठी पूर्ण उजवीकडे ठेवलेला मृदंग नाहीसाच होतो. म्हणून ज्या आवाजात शब्द आहेत किंवा ठेका आहे, तो मी कधीही पूर्ण कडेला नेत नाही. मध्य म्हणजे शून्य आणि कड म्हणजे शंभर धरले तर साधारण ७० टक्क्यांच्या आत थांबतो.

यानंतर पाहायचा तो सॉफ्टवेअरचा पॅनचा नियम. मध्यावर ठेवलेला आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो, त्यामुळे काहीच न केल्यास तो कडेच्या आवाजापेक्षा मोठा वाटेल. हे टाळण्यासाठी सॉफ्टवेअर मध्यावर दोन्ही चॅनेल खाली उतरवते. खोलीत दोन स्पीकरची ऊर्जा एकत्र येते असे धरले तर ३ डेसिबल उतरवणे योग्य ठरते, दोन्ही चॅनेल मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलमध्ये, थेट बेरजेने मिळणार असतील तर ६ डेसिबल, आणि ४.५ डेसिबल ही दोहोंमधली तडजोड. प्रो टूल्ससारख्या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये यांतला हवा तो नियम निवडता येतो, चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बऱ्याचदा ठरूनच आलेला असतो. आपल्याकडे कोणता आहे हे शोधण्यासाठी माहितीपुस्तिका धुंडाळण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजणे बरे. मोनो ट्रॅकवर १ किलोहर्ट्झचा उणे २० डेसिबलचा सूर ठेवावा, पॅन मध्यावर ठेवून दोन्ही चॅनेलचे मीटर पाहावेत, मग पॅन पूर्ण डावीकडे न्यावा. मध्यावर दोन्हीकडे उणे २३ आणि कडेला उणे २० दिसले तर नियम ३ डेसिबलचा आहे. काही सॉफ्टवेअर मध्य तसाच ठेवून कडेला वाढवतात. आकडे वेगळे दिसले तरी त्यांच्यातला फरक तोच असतो.

या मोजणीचा कीर्तनाशी थेट संबंध आहे. नियम ३ डेसिबलचा असेल तर फोनच्या एकाच लहान स्पीकरवर, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र मिळाल्यावर, मध्यावरचे आवाज अगदी कडेच्या आवाजांच्या तुलनेत ३ डेसिबलने वर येतात. कीर्तनकारांचा आवाज मध्यावर आणि टाळ बाजूला असल्यामुळे फोनवर शब्द आपोआप पुढे येतात. मला हे सोयीचेच वाटते. टाळांनी शब्द झाकण्याची भीती फोनवरच सर्वाधिक असते, आणि तिथेच हा नियम मदतीला येतो. तरीही केवळ त्याच्या भरवशावर राहू नये, हेही खरे. मिश्रण पूर्ण झाल्यावर मोनोमध्ये एकदा सगळे कीर्तन ऐकलेच पाहिजे.

आणखी एक फरक नव्याने काम करणाऱ्याला हमखास अडवतो. मोनो ट्रॅकवर पॅनची कळ आवाज सरकवते. स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा असे दोन चॅनेल असलेल्या, ट्रॅकवर मात्र तीच कळ अनेक सॉफ्टवेअरमध्ये तोल बदलते, म्हणजे डावीकडे फिरवल्यास उजवा चॅनेल फक्त लहान होतो, त्यातला आवाज डावीकडे येत नाही. कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणात हे फार महत्त्वाचे ठरते, कारण दोन चॅनेलच्या रेकॉर्डरवर डावीकडे कीर्तनकारांचा कॉलर माइक आणि उजवीकडे मांडवाच्या मिक्सरमधून घेतलेली तार, अशी मांडणी सर्रास केली जाते. सॉफ्टवेअर ही फाईल स्टिरिओ समजते. वस्तुतः ती दोन स्वतंत्र मोनो आहे, आणि तसे सॉफ्टवेअरला आधीच सांगावे लागते. प्रीमियर प्रोमध्ये क्लिपचे ऑडिओ चॅनेल बदलण्याची सोय आहे आणि ती क्लिप टाइमलाइनवर आणण्याआधी वापरलेली बरी. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये आणि फायनल कट प्रोमध्ये ऑडिओच्या रचनेत ड्युअल मोनो निवडून हेच साधते. हे झाल्यावरच पॅनिंगला अर्थ येतो.

आता प्रत्यक्ष जागा. माझा श्रोता कीर्तनकारांच्या समोर, पुढून चौथ्या-पाचव्या ओळीत, मधल्या वाटेच्या अगदी लगत बसलेला असतो. तिथून कीर्तनकार समोर दिसतात, म्हणून त्यांचा आवाज नेमका मध्यावर. वीणा किंचित डावीकडे, दहा टक्क्यांवर. पेटी डावीकडे पस्तीसच्या आसपास. टाळकऱ्यांसाठी समोर माइकांची जोडी लावलेली असते, तिचे दोन चॅनेल दोन्ही बाजूंना सत्तरवर. मृदंग श्रोत्याच्या उजव्या हाताला उभा असतो. त्याच्या दोन्ही तोंडांना वेगवेगळे माइक असतील तर शाईची बाजू एका टोकाला आणि कणीक लावलेली बाजू दुसऱ्या टोकाला ठेवण्याचा मोह होतो, आणि एकटा मृदंग ऐकताना ते छान वाटतेही. पण मग तो मृदंग सगळ्या मांडवाएवढा रुंद होतो. चौथ्या ओळीत बसलेल्या माणसाला दोन तोंडांमधले अंतर जाणवत नाही. म्हणून ते दोन्ही माइक मी वीस आणि पस्तीस टक्क्यांच्या मध्ये, उजवीकडेच, जवळजवळ ठेवतो. श्रोत्यांमध्ये ठेवलेल्या रेकॉर्डरचे चॅनेल मात्र पूर्ण कडेला नेतो, कारण त्यांत हरवले तर चालणार नाही असे काही नसते.

कागदावर हे सरळ दिसते. मांडवात प्रत्येक माइकमध्ये प्रत्येकाचा आवाज शिरलेला असतो, ही खरी अडचण आहे. मांडवाच्या कर्ण्यांतून कीर्तनकारांचा आवाज मृदंगाच्या माइकवर येतो, टाळकऱ्यांच्या माइकवरही येतो, आणि मृदंगाचा ट्रॅक उजवीकडे नेला की कीर्तनकारांचाही एक अंश उजवीकडे ओढला जातो. याची परीक्षा करण्याची माझी रीत सोपी आहे. कॉलर माइकचा ट्रॅक बंद करायचा आणि उरलेल्या मिश्रणात कीर्तनकारांचा आवाज कोठून येतो ते डोळे मिटून ऐकायचे. तो एका बाजूला झुकलेला असेल, तर ज्या ट्रॅकमुळे झुकतो तो आत घ्यायचा किंवा निरूपण चालू असताना खाली उतरवायचा. मृदंग शांत असताना त्याचा माइक उघडा ठेवण्याचे कारण नसते. निरूपणातून अभंगाकडे वळताना तो परत वर आणायचा. कॉलर माइक चालू केल्यावर तोंडाजवळचा तो आवाज तीन मीटरवरच्या टाळकऱ्यांच्या माइकपेक्षा सुमारे ९ मिलिसेकंद आधी येतो, आणि आधी आलेल्या आवाजाची दिशा कान खरी मानत असल्यामुळे कीर्तनकार पुन्हा मध्यावर स्थिरावतात. या कारणासाठी ते ९ मिलिसेकंद काढून टाकण्याची घाई मी करत नाही.

कॅमेरा बदलण्याचा प्रश्न इथे येतो. बाजूच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर मृदंग चौकटीत डावीकडे येतो आणि कीर्तनकार उजवीकडे. काही संपादक प्रत्येक कटला पॅनही फिरवतात. मला हे सर्वथा चुकीचे वाटते. डोळा कट स्वीकारतो, कारण पापणी मिटून नवीन दिशेला पाहण्याची त्याला सवय आहे. कानाला अशी सवय नसते. वाजत असलेला ठेका मात्रेच्या मध्येच उजवीकडून डावीकडे उडाला की लक्ष अभंगावरून उडून तंत्रावर जाते. दिशा जुळावी ही मूळ गरज मी वर सांगितली, ती मांडवाच्या दिशेशी जुळावी असा त्याचा अर्थ मी घेतो. प्रत्येक चौकटीशी ती जुळवत बसलो तर श्रोत्याला बसायला जागाच उरत नाही.

याला माझ्या कामात एकच अपवाद आहे. कीर्तनाआधी दिंडी मंदिराकडे येते तेव्हा कॅमेरा रस्त्याच्या कडेला स्थिर असतो आणि टाळमृदंग चौकटीच्या डावीकडून येऊन उजवीकडे निघून जातो. तिथे आवाज चित्राबरोबर चाललाच पाहिजे, आणि त्यासाठी पॅनवर कीफ्रेम, म्हणजे कोणत्या क्षणी कळ कोठे असावी याच्या खुणा, लावाव्या लागतात. पहिल्या कीफ्रेमला पूर्ण डावे आणि शेवटच्याला पूर्ण उजवे ठेवून सॉफ्टवेअरला मधली सरळ रेषा काढू दिली, तर चाल यांत्रिक वाटते. दिंडी दूर असते तेव्हा तिची दिशा फारशी बदलत नाही. ती अगदी समोर येते त्या काही सेकंदांत दिशा झरझर बदलते आणि पुढे गेल्यावर पुन्हा मंदावते. म्हणून पॅनची रेषा दोन्ही टोकांना सपाट आणि मध्ये उभी हवी. तिच्या जोडीला दूर असताना पातळी कमी आणि टाळांची धार थोडी बोथट ठेवावी लागते, कारण अंतर दाखवणे एकट्या पॅनला जमत नाही.

सराउंडमध्ये काम करण्याजोगा विषय आपल्याकडे कोणता, असे मला विचारले तर मी कीर्तनच सांगेन. नाटक किंवा गाण्याची मैफल समोर घडते आणि मागून येतात त्या टाळ्या. कीर्तनात मात्र समोरच्या मंडळींना भाग घ्यावाच लागतो. ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणा, असे कीर्तनकार म्हणतात तेव्हा श्रोत्याच्या पाठीमागून शेकडो आवाज उठतात, आणि ‘पुंडलीक वरदे हरि विठ्ठल’ हा गजर तर चहूबाजूंनीच होतो. दोन स्पीकरच्या स्टिरिओमध्ये हा गजर समोरून येतो, म्हणजे श्रोता गर्दीबाहेर बसून पाहणारा ठरतो. मागच्या दोन स्पीकरमुळे तो त्या गर्दीत बसतो. माझ्या दृष्टीने सराउंडचे सारे मोल या एका फरकात आहे.

पाच स्पीकरांच्या मांडणीत डावा आणि उजवा मध्यापासून ३० अंशांवर, मागचे दोन साधारण ११० अंशांवर आणि एक स्पीकर थेट समोर असतो. समोरच्या या सेंटर स्पीकरचा फायदा दिवाणखान्यात लगेच जाणवतो. स्टिरिओमध्ये मध्यावरचा आवाज हा दोन स्पीकरनी मिळून केलेला भास असतो. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसलेल्या माणसाचे डाव्या स्पीकरपासूनचे अंतर केवळ ३४ सेंटिमीटरने कमी असले, तरी तो आवाज त्याला १ मिलिसेकंद आधी मिळतो आणि कीर्तनकार डाव्या स्पीकरमध्ये जाऊन उभे राहतात. सेंटरमधून आलेला आवाज घरातल्या प्रत्येकाला पडद्यावरूनच येतो. म्हणून कॉलर माइक सेंटरला, आणि त्याचा थोडा अंश डाव्या-उजव्यालाही, म्हणजे आवाज एका डबीतून आल्यासारखा वाटत नाही. प्रीमियरमध्ये पॅनच्या चौकोनाशेजारी सेंटरच्या टक्केवारीची कळ असते, फायनल कटच्या गोलाकार पॅनरमध्ये सेंटरचा तोल वेगळा ठरवता येतो, आणि रिझॉल्व्हच्या फेअरलाइट या ध्वनिविभागात आवाज किती पसरावा हे डायव्हर्जन्सने ठरते. तिन्हींमध्ये एक ठिपका ओढून आवाज खोलीत कोठेही नेता येतो. ही सोय इतकी सहज आहे की ठिपका फिरवत राहण्याची इच्छा होते. कीर्तनात तो एकदा ठेवून सोडून द्यावा.

मागच्या स्पीकरसाठी श्रोत्यांमधल्या रेकॉर्डरचाच आवाज घ्यावा. समोरच्या टाळकऱ्यांचा ट्रॅक थोडा उशिरा करून मागे पाठवण्याची पळवाट मी टाळतो, कारण पुढे स्टिरिओमध्ये उतरवताना मूळ आणि उशिराची प्रत एकमेकांवर येऊन टाळांचा नाद पोकळ होतो. रेकॉर्डर व्यासपीठापासून पंधरा मीटर मागे असेल तर त्यावर टाळ सुमारे ४४ मिलिसेकंद उशिरा पोहोचलेला असतो. बोलण्यात एवढा उशीर खपून जातो, टाळासारख्या टोकदार आवाजात दुसरा टाळ स्पष्ट ऐकू येतो. पूर्ण ४४ मिलिसेकंद काढले तर मागचे आणि पुढचे टाळ एकाच वेळी वाजून दिशा धूसर होते. मी तो ट्रॅक पुढे सरकवून साधारण १५ मिलिसेकंदांचा उशीर शिल्लक ठेवतो. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे हे सरकवणे फ्रेमच्या मापाने होत नाही. ऑडिओच्या सूक्ष्म मापावर जाऊन करावे लागते. मागे ज्यात एकट्या माणसाचे शब्द स्वच्छ ऐकू येतात असे काही ठेवू नये. शेजारी बसलेल्या आजोबांचा एकच ठसठशीत उद्गार मागून आला, तर पाहणारा मान वळवतो.

सबवूफरच्या, म्हणजे फक्त खालचा नाद वाजवणाऱ्या स्पीकरच्या, स्वतंत्र चॅनेलला मी काहीच पाठवत नाही. मृदंगाच्या कणकेच्या बाजूचा घुमारा तिथे पाठवावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घरातली यंत्रणा इतर चॅनेलमधला खालचा नाद स्वतःहून सबवूफरकडे वळवतेच, आणि ५.१ वरून, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर या मांडणीवरून, स्टिरिओ करताना तो चॅनेल बहुधा गाळला जातो. मृदंगाचा घुमारा तिथेच ठेवला असेल तर फोनवर आणि साध्या टीव्हीवर तो उरणार नाही.

स्टिरिओत उतरवताना नेहमीच्या सूत्राप्रमाणे सेंटर आणि मागचे चॅनेल ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्यात मिसळले जातात. त्यात कीर्तनकार व्यवस्थित राहतात. गजर मात्र समोर येऊन टाळांवर बसतो, कारण मागे असताना त्याला जी स्वतःची मोकळी जागा होती ती संपते. म्हणून स्टिरिओची प्रत मी स्वयंचलित उतरवणीवर सोडत नाही, ती वेगळी मिसळून वेगळी निर्यात करतो, आणि गजराच्या वेळी टाळ दोन डेसिबल खाली घेतो.

५.१ ची फाईल हाती देण्यापूर्वी चॅनेलचा क्रम तपासणे अत्यावश्यक आहे. एका रिवाजात क्रम डावा, उजवा, सेंटर, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. चित्रपटाच्या रिवाजात डावा, सेंटर, उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, सबवूफर असा. दुसऱ्या क्रमाची फाईल पहिल्या क्रमाने वाजवली तर कीर्तनकार उजव्या स्पीकरमध्ये जातात आणि मांडवातली अर्धी मंडळी सबवूफरमध्ये गाडली जातात. मीटर पाहून हे लक्षात येईलच असे नाही. त्यासाठी प्रत्येक चॅनेलमध्ये त्याचेच नाव बोलून केलेली एक छोटी फाईल मी त्याच सेटिंगने निर्यात करतो आणि ज्या टीव्हीवर कीर्तन लागणार आहे त्याच टीव्हीवर वाजवून पाहतो. ‘मागचा डावा’ हे शब्द मागून डावीकडून आले की मुख्य फाईल पाठवायला हरकत नाही. ही तपासणीची फाईल मग मी कीर्तनाच्या फोल्डरमध्येच ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी सप्ताहाचे काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तरी कोणता क्रम वापरला होता हे त्याला तिथेच सापडते.